मेंदूचा नकाशा कोणी काढला?

‘तुमचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असे आपण रागाच्या भरात एकमेकांना सहज विचारतो. एकोणिसाव्या शतकातील युरोपच्या वैद्यांनी आणि शरीरशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न निराळ्या अर्थाने, पण तितक्याच रागाने, एकमेकांना विचारला होता. बोलणे, पाहणे, हात उचलणे, आठवणे, बेत आखणे ही जी मनाची कामे, त्यांना डोक्यात नेमून दिलेली ठिकाणे आहेत काय? की सारा मेंदू एकदिलाने सारी कामे करतो? या वादाचा इतिहास आम्ही आज सांगणार आहोत. ज्यांच्या घरात अर्धांगवायूने वाचा गेलेले एखादे वडीलधारे माणूस अंथरुणावर आहे, त्यांस हा वाद केवळ पंडिती वाटणार नाही, असा आमचा भरवसा आहे.

प्रथम ज्या वस्तूविषयी बोलावयाचे तिची ओळख करून घेऊ. कवटीखाली अक्रोडाच्या गरासारखा वळ्यावळ्यांचा जो मोठा भाग दिसतो, त्याच्या अगदी वरच्या थरास शास्त्रीय परिभाषेत प्रमस्तिष्क बाह्यक म्हणतात. आम्ही त्याला मेंदूची साल म्हणू. ही साल दोन ते चार मिलिमीटर जाडीची, म्हणजे संत्र्याच्या सालीहून फारशी जाड नाही. घड्या उलगडून सपाट पसरली तर दैनिकाचे एक पूर्ण पान व्यापील एवढी तिची व्याप्ती आहे. तिचा सुमारे दोनतृतीयांश भाग घड्यांमध्येच दडलेला असतो. अलीकडील मोजणीप्रमाणे या सालीत सुमारे १६०० कोटी मज्जापेशी आहेत. सालीच्या खाली पांढरा गर आहे. तो तंतूंचा बनलेला असून सालीचा एक भाग दुसऱ्याशी, डावे अंग उजव्याशी, आणि सारी साल खालच्या शरीराशी जोडण्याचे काम करतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डाव्या बाजूची साल उजव्या हातापायावर हुकूम चालविते आणि उजवी डाव्यावर. हे आडवे नाते पुढे वारंवार येईल.

मन कोठे राहते याविषयी प्राचीनांचेही एकमत नव्हते. चरकाने चेतनेचे स्थान हृदयात सांगितले. भेलसंहितेत मनाला मस्तक आणि टाळू यांच्या मध्ये बसविले आहे. ग्रीकांतही हाच मतभेद होता. परंतु मेंदूचे तुकडे पाडून प्रत्येकाला एकेक काम वाटून देण्याचे धाडस प्रथम मोठ्या प्रमाणावर केले ते व्हिएन्नाच्या फ्रान्झ गॉल या वैद्याने. लोभ, वात्सल्य, कवित्व, चौर्य असे सत्तावीस गुण त्याने मेंदूवर वाटून दिले आणि कवटीवरील टेंगळे चाचपून माणसाचा स्वभाव सांगता येतो असे प्रतिपादिले. सम्राटाने त्याच्या व्याख्यानांवर बंदी घातली, तेव्हा तो पॅरिसला गेला. टेंगळांचे शास्त्र भ्रामक ठरले हे सांगावयास नको. पण मेंदूच्या सालीत कामाची वाटणी असावी, ही त्यातली मूळ कल्पना मात्र तितकी टाकाऊ नव्हती. तिच्यावर प्रहार केला फ्लुराँस यांनी. १८२०च्या सुमारास त्यांनी कबुतरे आणि कोंबड्या यांच्या मेंदूचे भाग काढून पाहिले, आणि मोठा मेंदू एकजिनसी काम करतो असा निकाल दिला. पुढे चाळीस वर्षे तोच निकाल विद्वन्मान्य होता. गॉलचे नाव घेणे म्हणजे आपल्याकडे सभेत हस्तसामुद्रिकाचा दाखला देण्यासारखे झाले होते.

हा निकाल फिरविला तो पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातील एका मुक्या माणसाने.

त्याचे नाव लबोर्न्य. वयाच्या तिसाव्या वर्षी त्याची वाचा गेली आणि तो बिसेत्रला येऊन राहिला. काहीही विचारले तरी तो ‘तान, तान’ एवढेच म्हणे, म्हणून रुग्णालयात त्याला सर्वजण तान याच नावाने हाक मारीत. फार संतापला तर मात्र एक शिवी त्याच्या तोंडून स्पष्ट बाहेर पडे. काही वर्षांनी उजवा हात लुळा पडला, मग उजवा पाय. १८६१च्या एप्रिलमध्ये त्या पायाला मोठी चिघळ लागली तेव्हा त्याला शस्त्रवैद्य पॉल ब्रोका यांच्या विभागात आणण्यात आले. ब्रोका यांनी त्याला विचारले, येथे किती वर्षे आहेस? लबोर्न्यने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि शेवटी एक बोट दाखविले. एकवीस. हिशेब बरोबर होता.

श्रोतेहो, या पंजाकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. ज्या माणसाला एकवीस वर्षे सर्वांनी ‘तान’ म्हणून हाक मारली, त्याला आपण किती वर्षे येथे काढली याचा अचूक हिशेब होता. प्रश्न कळत होता, आठवण शाबूत होती, गणित शाबूत होते. शब्द तेवढा येत नव्हता.

१७ एप्रिल रोजी तो वारला. दुसऱ्याच दिवशी ब्रोका यांनी त्याचा मेंदू पॅरिसच्या मानवशास्त्र मंडळापुढे ठेवला. डाव्या कपाळामागे, खालच्या वळीत, सालीचा एक भाग नासून गेला होता. त्या मंडळात तेव्हा याच विषयावर वाद पेटला होता. बुइयो नावाचे एक वृद्ध वैद्य तर कपाळामागचा भाग बिघडूनही बोलणे शाबूत राहिलेला रोगी दाखवा आणि पाचशे फ्रँक घ्या, असे आव्हान १८४८ पासून देऊन बसले होते. लबोर्न्यच्या मागोमाग लुलाँ नावाचा चौऱ्यांशी वर्षांचा दुसरा रोगी ब्रोका यांच्या हाती आला. त्याला पाचच शब्द येत. त्यांत संख्येसाठी ‘तीन’ हा एकच. मुले किती, असे विचारले की तो म्हणे ‘तीन’, आणि बोटे दाखवी चार. मुलगे किती? ‘तीन’, आणि बोटे दोन. मुली किती? ‘तीन’, आणि पुन्हा बोटे दोन. जिभेवर एकच आकडा उरला होता, परंतु डोक्यातील बेरीज चुकत नव्हती. त्याच्याही मेंदूत इजा जवळजवळ त्याच जागी निघाली. पुढे असेच आणखी रोगी पाहून, बहुतेक माणसे मेंदूच्या डाव्या अंगाने बोलतात, असे ब्रोका यांनी १८६५ मध्ये जाहीर केले. सालीवरील ते ठिकाण आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

ब्रोका यांनी एक शहाणपण केले. लबोर्न्यचा मेंदू त्यांनी चिरला नाही. पुढच्यांनी पाहावा म्हणून जसाच्या तसा जपून ठेवला. १४६ वर्षांनी, २००७ साली, तो आणि लुलाँचा मेंदू काचपात्रांतून काढून चुंबकीय चित्रणाच्या यंत्राखाली ठेवण्यात आले. तेव्हा दिसले की, इजा वरच्या सालीपुरती नसून खूप खोल, खालच्या पांढऱ्या तंतूंपर्यंत गेलेली आहे. म्हणजे वाचा गेली ती ठिकाण नासल्याने तर खरीच, पण ठिकाणाकडे जाणारे आणि तेथून निघणारे रस्ते तुटल्यानेही. आणि त्या माणसाचे काय? दीडशे वर्षे पाठ्यपुस्तकांतून तो ‘तान’ म्हणूनच वावरला. २०१३ मध्ये पोलंडचे संशोधक दोमान्स्की यांनी जुनी दप्तरे धुंडाळून त्याचे पूर्ण नाव लुई व्हिक्तोर लबोर्न्य आणि जन्मगाव मोरे, असे उजेडात आणले. त्याचा धंदा जोडे बनविण्याचे लाकडी फर्मे करण्याचा होता आणि तरुणपणापासून त्याला फेपरे येत असे, हे ब्रोका यांनी आधीच नोंदविले होते. कातडी कमावण्याच्या झाडसालीला फ्रेंचमध्ये ‘तान’ म्हणतात आणि मोरे गावी तिच्या गिरण्या होत्या. तेव्हा तो शब्द बालपणीचा असेल असा एक तर्क आहे. तर्कच तो, पण मुक्या माणसाच्या तोंडी उरलेला एक शब्द त्याच्या गावाचा असावा, हे आम्हांस तरी पटण्याजोगे वाटते.

येथे थोडे घरगुती बोलू. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली म्हणजे उजवे अंग लुळे पडते आणि पुष्कळदा बोलणेही जाते. याला आपल्या वैद्यकात वाचाघात म्हणतात. अशा रोग्यापुढे घरची माणसे हळूहळू तो तेथे नसल्यासारखी बोलू लागतात. ‘आता यांना काही कळत नाही’ असे पाहुण्यांस सांगतात. लबोर्न्य आणि लुलाँ यांची साक्ष याच्या विरुद्ध आहे. ज्याला ‘पाणी’ म्हणता येत नाही त्याला कोणी सुरुवात करून दिली तर आरती पुढे म्हणता येते, पाढे म्हणता येतात. तोंडपाठ आणि सुरात बसलेली वाणी पुष्कळदा दुसऱ्या वाटेने येते, आणि शिकविणारे त्या वाटेचाही उपयोग करतात. हे झाले दुखण्यानंतरचे. दुखण्याच्या वेळी मात्र चर्चा करीत बसू नये. तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले, की तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळविणारे औषध ज्यांना चालते त्यांना ते साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्यातही जितके लवकर तितके अधिक मेंदू वाचविते.

ब्रोका यांच्या पाठोपाठ १८७४ मध्ये ब्रेस्लाऊ येथील सव्वीस वर्षांच्या वेर्निके यांनी दुसऱ्या तऱ्हेचे रोगी वर्णिले. हे रोगी भराभर बोलतात, पण बोलण्यात अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना उमगत नाही. त्यांची इजा डाव्या कानशिलामागे असते. अशा माणसाला वेड लागले असे समजून मांत्रिकाकडे नेण्याची चूक आजही होते. इकडे १८७० मध्ये बर्लिनचे फ्रिच आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूला विजेचा बारीक स्पर्श केला, तेव्हा विवक्षित जागेच्या स्पर्शाने विरुद्ध बाजूचा विवक्षित पाय हलला. प्रयोगशाळा मिळाली नाही म्हणून हा उद्योग हिट्झिग यांच्या घरी, त्यांच्या पत्नीच्या शृंगारमेजावर चालला, असे सांगतात. त्या बाईंचे म्हणणे काय होते ते इतिहासाने नोंदविलेले नाही. पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला त्याच १८७५ साली लिव्हरपूलचे कॅटन यांनी ससे आणि माकडे यांच्या मेंदूत आपोआप वाहणारा विजेचा प्रवाह मोजून दाखविला.

तरी वाद मिटला नव्हता. १८८१च्या ऑगस्टमध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत तो समोरासमोर आला. स्ट्रासबुर्गचे गोल्ट्झ यांनी सालीचा बराच भाग काढलेला एक कुत्रा आणला. हा पाहा, चालतो, पाहतो. कोठे आहेत तुमची ठिकाणे? त्यावर लंडनचे डेव्हिड फेरियर यांनी दोन माकडे पुढे केली. एकाच्या डाव्या सालीतील हालचालीचा भाग काढला होता; ते उजवा पाय ओढीत, उजवा हात लोंबता ठेवून आले. त्याला पाहताच फ्रान्सचे प्रख्यात शार्को, ‘हा तर रोगीच!’ असे उद्गारले. दोन्ही पक्षांच्या प्राण्यांचे मेंदू मग तज्ज्ञांच्या समितीने तपासले. फेरियर यांची इजा त्यांनी सांगितली तेथेच होती. गोल्ट्झ यांनी मात्र समजले होते त्यापेक्षा बरीच कमी साल काढली होती. परिषद संपली, आणि प्राण्यांना क्रूरतेने वागविल्याबद्दल फेरियर यांच्यावर फिर्याद झाली. शस्त्रक्रिया परवानाधारक सहकाऱ्याने केली होती म्हणून ते सुटले. फिर्यादी लोकांना शास्त्राचे वैरी ठरविणे सोपे आहे. आम्ही तसे ठरविणार नाही. त्या माकडाने काय सोसले याचाही जमाखर्च कोणीतरी मांडावयास हवाच होता. जमेच्या बाजूला मात्र हे लिहावे लागेल की, तीनच वर्षांनी, २५ नोव्हेंबर १८८४ रोजी, बोटांच्या आचक्यांवरून मेंदूतील गाठीची जागा आधी सांगून लंडनमध्ये गॉडली यांनी एका तरुण स्कॉटिश माणसाची कवटी तेथेच उघडली, आणि गाठ तेथेच सापडली. रोगी सुमारे महिन्याने जंतुदोषाने वारला. परंतु बाहेरून काहीही न दिसता नकाशावरून आत शिरता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

आता आम्ही या इतिहासातील आम्हांस सर्वांत विलक्षण वाटणाऱ्या प्रकरणाकडे येतो. ते युरोपातले नाही, जपानातले आहे, आणि त्याचा उगम शास्त्रात नसून निवृत्तिवेतनाच्या कचेरीत आहे.

१९०४-०५च्या रशिया-जपान युद्धात रशियन सैन्याजवळ ७.६२ मिलिमीटरची नवी वेगवान गोळी होती. जुन्या मोठ्या, मंद गोळ्या कवटीचा चुरा करीत. ही गोळी एका बाजूने बारीक भोक पाडून आत शिरे आणि दुसऱ्या बाजूने बारीक भोक पाडून निघून जाई. परिणामी डोक्यातून गोळी आरपार गेलेले शिपाई जिवंत परत येऊ लागले. यांपैकी ज्यांच्या मागच्या डोक्याला लागले होते त्यांचे डोळे निर्दोष असूनही त्यांना दृष्टीचा काही भाग दिसेनासा झाला होता. सरकारपुढे प्रश्न आला: याची दृष्टी किती गेली, आणि त्याला किती निवृत्तिवेतन द्यावयाचे? हे मोजण्याचे काम तात्सुजी इनोउये नावाच्या तरुण नेत्रवैद्याकडे आले.

दुसरा कोणी असता तर त्याने आकडा भरून कागद पुढे सरकविला असता. इनोउये यांनी असा विचार केला की, गोळी सरळ रेषेत जाते; शिरल्याची आणि निघाल्याची खूण कवटीवर आहे; तेव्हा मधली वाट काढता येईल. डोक्यावर बसवावयाचे एक मोजणीचे यंत्र त्यांनी स्वतः तयार केले. त्याच्या साह्याने प्रत्येक शिपायाच्या डोक्यात गोळी सालीच्या कोणत्या भागातून गेली ते ठरविले, आणि त्याच्या शेजारी त्याच शिपायाच्या अंध भागाची आकृती मांडली. असे एकोणतीस जखमी त्यांनी तपासले. या आकृत्या एकावर एक ठेवता दृष्टीचा नकाशा हळूहळू उमटला. मागच्या डोक्याच्या सालीत दृश्य उलटे बसले आहे: खालचे वर, वरचे खाली. नजरेच्या ऐन मध्यबिंदूला सर्वांत मागचे टोक दिलेले आहे, आणि नुसते दिलेले नाही तर त्याच्या वाट्याला फार मोठी जागा आली आहे. काठावरच्या धूसर दृष्टीची बोळवण थोड्या जागेत केली आहे. आपण अक्षर वाचतो, सुईत दोरा ओवतो, माणसाचा चेहरा ओळखतो ते त्या मध्यबिंदूने. स्वीडनच्या हेन्शेन यांनी दृष्टीची घडी आधीच शोधली होती, पण मध्यबिंदूची जागा त्यांनी नेमकी उलट टोकाला सांगितली होती. ती चूक एका निवृत्तिवेतनाच्या तपासनिसाने दुरुस्त केली.

इनोउये यांचा ग्रंथ १९०९ मध्ये लाइप्झिगला जर्मन भाषेत छापला गेला. त्याच वर्षी त्याच गावी ब्रोडमान यांचाही ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना पाहून सालीचे प्रांत पाडले आणि त्यांना क्रमांक दिले. ब्रोडमान यांचे क्रमांक आज प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याच्या तोंडी आहेत. इनोउये यांचे नाव फारच थोड्यांना ठाऊक आहे.

पहिल्या महायुद्धात हेच काम अधिक विस्ताराने गॉर्डन होम्स यांनी फ्रान्समधील लष्करी रुग्णालयात केले. स्वतःची दृष्टी अधू म्हणून सैन्याने त्यांस प्रथम नाकारले होते. त्यांनी दृष्टीचाच नकाशा काढावा हा योगायोग. ब्रिटिश शिपायांचे लोखंडी टोप उथळ होते, मानेकडची बाजू उघडी राही, आणि खंदकात वाकलेल्या माणसाला तेथेच लागे. होम्स यांच्या नोंदींत एक चमत्कारिक गोष्ट होती. दृष्टीचा खालचा भाग गमावलेले जखमी पुष्कळ. वरचा भाग गमावलेले अगदी थोडे. कारण दृष्टीचा वरचा भाग सालीच्या खालच्या काठावर आहे, आणि तितक्या खाली गोळी लागली की मोठ्या शिरा फुटून माणूस सहसा रुग्णालयापर्यंत पोचतच नसे. नकाशाचा तो भाग बराचसा कोरा राहिला, कारण त्याची साक्ष देणारे रणांगणावरच राहिले.

होम्स यांचा एक विलक्षण वाद रिडक या तरुण डॉक्टरांशी झाला. अंध भागात स्थिर वस्तू दिसत नाही, पण हलणारी वस्तू हलल्याचे काही जखमींना जाणवते, असे रिडक यांनी १९१७ मध्ये लिहिले. होम्स यांना ते मान्य नव्हते. १९७४ मध्ये वाइस्क्रान्ट्झ यांनी असा रोगी तपासला की, ‘मला काहीच दिसत नाही’ असे तो प्रामाणिकपणे म्हणे, पण ‘अंदाजाने बोट दाखव’ म्हटले की दिव्याकडे बरोबर बोट दाखवी. याचे बीज रिडक यांच्या शिपायांत होते. १८७४ मध्येच इंग्लंडचे ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी बजाविले होते की, वाचा नष्ट करणाऱ्या इजेची जागा सांगणे निराळे आणि वाचेची जागा सांगणे निराळे. आम्हांस वाटते, ब्रोका यांच्या शोधाइतकेच या एका वाक्याचे मोल आहे. गावाला पाणी पोचविणारा नळ फुटला म्हणजे विहीर नळात होती असे कोणी म्हणत नाही.

आता कपाळामागच्या भागाकडे वळू. येथे फिनिअस गेजचे नाव निघतेच. १८४८ मध्ये अमेरिकेत त्याच्या डोक्यातून साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार आरपार गेली, तो वाचला, आणि स्वभाव पालटला. ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की आम्ही ती येथे लांबवीत नाही. फक्त एवढे सांगतो की, तो जन्माचा वाया गेला असे जे चित्र रंगविले जाते, ते खरे नाही; पुढे त्याने चिलीमध्ये कित्येक वर्षे घोडागाडी हाकण्याचे काम केले.

गेजपेक्षा बोधक उदाहरण माँट्रियलचे शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफील्ड यांच्या घरचे आहे. १९२८ मध्ये त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या मेंदूत गाठ निघाली. तिच्यावर शस्त्रक्रिया त्यांनी स्वतः केली आणि उजव्या कपाळामागचा मोठा भाग काढावा लागला. बाई बऱ्या झाल्या. बोलणे, स्मरण, मुलांवरची माया, विनोद, सारे ठीक. पुढे सुमारे सव्वा वर्षाने त्यांनी भावाला जेवावयास बोलाविले. घरची चार आणि भाऊ पाचवा, एवढाच बेत. सबंध दिवस हाताशी होता. जेवणाची वेळ झाली तेव्हा भाऊ पाहतो तो बाई स्वयंपाकघरात उभ्या. सामान सारे काढलेले, चुलीवर एकदोन जिन्नस चढलेले, पण बाकीचे तयार नाही, मुख्य पदार्थाला हातही लागलेला नाही, आणि बाई दिवसभराच्या खटपटीने गोंधळून रडकुंडीला आलेल्या. कोणी शेजारी उभे राहून ‘आता हे, मग ते’ असे सांगितल्यावर सर्व सुरळीत झाले. प्रत्येक पदार्थ त्यांना येत होता. त्यांचा क्रम लावणे तेवढे गेले होते. आमच्या श्रोत्यांतील ज्या भगिनी वीस पाने एका वेळी वाढतात, त्यांना हे काम किती बुद्धीचे आहे हे आम्ही सांगावयास नको. शास्त्राला मात्र ते पेनफील्ड यांनी १९३५ मध्ये छापल्यावर कळले.

याच्या नेमकी उलट बाजू रशियातील एका जखमी अधिकाऱ्यात दिसली. त्याचे नाव झासेत्स्की. यंत्रविद्येचा हा विद्यार्थी युद्धावर गेला आणि २ मार्च १९४३ रोजी स्मोलेन्स्कच्या बाजूला त्याच्या डोक्यात गोळीचा तुकडा घुसला. इजा डाव्या टाळूच्या मागच्या अंगाला, जेथे पाहिलेले, ऐकलेले आणि स्पर्शिलेले एकत्र जुळते, तेथे झाली. मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांनी त्याला तपासले तेव्हा त्याच्या उजव्या हाताकडचे अर्धे जग नाहीसे झाले होते. डावे-उजवे कळत नव्हते. आपला पाय कोठे आहे हे शोधावे लागे. अक्षर ओळखता येत नव्हते.

लुरिया अशा जखमींना एक साधा प्रश्न घालीत. ‘बापाचा भाऊ’ आणि ‘भावाचा बाप’ हे एकच काय? आपल्याकडे काका, मामा, आत्या, मावशी असे सुटे शब्द असल्याने हे कोडे आपण क्वचित सोडवितो. पण ‘नणंदेच्या जावेची बहीण’ म्हणताच ज्याप्रमाणे आपण क्षणभर थबकतो आणि मनातल्या मनात माणसे मांडू लागतो, तशी मांडामांड झासेत्स्कीला दोन शब्दांसाठीही करता येत नसे. बाप म्हणजे कोण ते त्याला कळे, भाऊ म्हणजे कोण तेही कळे. मधला ‘चा’ कळत नसे. शब्दांचे अर्थ उरले होते आणि शब्दांमधील नाते हरपले होते.

लिहावयास तो असा शिकला. एकेक अक्षर आठवून काढण्यात महिने गेले, जमेना. मग एके दिवशी डॉक्टरांनी सांगितले की, अक्षरांचा विचार करू नकोस, पेन्सिल न उचलता शब्द झटकन लिहून टाक. शब्द दिला ‘रक्त’. त्याने लिहिला. हाताला सवय होती, ती सालीच्या दुसऱ्या भागात शाबूत होती. आपण काय लिहिले ते मात्र त्याला वाचता येईना.

आणि मग त्याने आपल्या दुखण्याची हकीकत लिहावयास घेतली. शब्द आठवावा, तो विसरण्याआधी वाक्यात बसवावा, वाक्य विसरण्याआधी कागदावर उतरवावे, आणि पुढच्या वाक्याच्या वेळी मागचे काय होते ते पुन्हा एकेक अक्षर लावून शोधावे, असा तो उद्योग होता. लुरिया म्हणतात की, त्याच्या कपाळामागची साल वाचली होती, म्हणून निश्चय, योजना आणि आपले काय गेले याची जाणीव ही त्याच्याजवळ पुरी होती. पेनफील्ड यांच्या भगिनींचे जे गेले ते याच्याजवळ होते, आणि याचे जे गेले ते त्यांच्याजवळ. म्हणूनच त्या दिवसभर सामानात उभ्या राहिल्या तरी पान वाढू शकल्या नाहीत, आणि याला आपलेच अक्षर वाचता येत नसता तो लिहीत राहिला. आपल्या वहीला त्याने नाव दिले ‘लढत राहीन’. लुरिया यांनी १९७१ मध्ये तिच्या आधारे पुस्तक लिहिले तोवर वहीची सुमारे तीन हजार पाने झाली होती आणि पंचवीस वर्षे लोटली होती. हिशेब केला तर तीन दिवसांस एक पान पडते.